मुद्दाम मठ्ठ

५ मार्च, रविवार

जिंकलो! एक-शून्य. फायनलमध्ये गेलो. इतकी वर्षं फुटबॉल खेळतेय, फायनल ही पहिलीच. सगळ्या रडत होत्या, एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. मी बूट काढत बसले. लेसची गाठ सुटेना म्हणून कात्रीनं कापली. नवीन लेस होती.

खिळाला लागलं. शेवटी शेवटी कॉर्नर आला, ती आणि त्यांची ती उंच पोरगी एकाच बॉलसाठी उडाल्या — डोक्यावर डोकं! आवाज मला ऐकू आला. लाकडावर लाकूड आपटावं तसा. उठली लगेच, म्हणाली "मी बरीय." टीमच्या डॉक्टरीणबाईनं तरी बाहेर काढली.

खिळा म्हणजे माझ्या शेजारी खेळते ती. मागच्या चौघींतल्या मधल्या दोघी आम्ही. हे नाव मीच ठेवलं. ठोकाल तिथे राहते, हलत नाही. एकोणीस वर्षांची आहे. मी तिच्या आईच्या वयाची. वयाची काय, तिची आई माझ्याहून लहान निघाली!

६ मार्च

सगळं अंग दुखतंय. नेहमीचंच. आई म्हणाली, "चाळिशी लागली तरी चड्डी घालून उड्या मारतेस." म्हटलं ह्या चड्डीवरच हे घर चाललंय. 

दूध ओतू गेलं. मी समोरच उभी होते म्हणे. मग हाक मारायची ना!

९ मार्च, गुरुवार

उद्या खिळाची डोक्याची परीक्षा.

ही परीक्षा म्हणजे एक तमाशाच आहे. हंगाम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना एकेकीला कॉम्प्युटरसमोर बसवतात. रंग बदलला की बटण दाबा. शब्द दाखवतात, मग थोड्या वेळानं विचारतात, यातले कुठले होते. शेवटी एक आकडा येतो. तो डॉक्टरीणबाई जपून ठेवते. नंतर कुणाच्या डोक्याला लागलं की परत तीच परीक्षा. आकडा तेवढाच आला तर खेळा. कमी आला तर घरी बसा.

घरी कोण बसणार? म्हणून पहिल्या वेळीच मठ्ठ व्हायचं! बटण जरा उशिरा दाबायचं. मधूनमधून शब्द चुकवायचे. फार नाही — फार चुकलं तर मशीनला संशय येतो. मग पुढे डोकं आपटलं तरी आकडा जुळतो. मला हे माझ्या आधीच्या कॅप्टननं शिकवलं, मी पुढच्यांना. नवीन पोरगी आली की आधी बचावाची लाइन कशी धरायची ते शिकवते, मग हे. सगळ्या करतात. चोरी केल्यासारखं काही वाटत नाही.

शाळेत मी मुद्दाम न करता मठ्ठ होते. बाई म्हणायच्या, हिचं डोकं फक्त केस वाढवायला. सहावीत सोडली. बाईंना कुणीतरी सांगा, आता ह्याच डोक्यानं बॉल मारून पगार घेते.

१० मार्च

खिळा पास. डॉक्टरीणबाई म्हणाली, "कमाल आहे, लागल्यावरही आकडा जागेवर!" खिळानं माझ्याकडे बघून डोळा मारला. मीही मारला.

१२ मार्च, रविवार

सुट्टी. आईनं जुने फोटो काढले. एकात माझं नाक सरळ आहे. ओळखलंच नाही.

भावांनी मला खेळायला घेतलं ते एक जण कमी होता म्हणून. म्हणाले, "मागे उभी राहा. कुणाला येऊ देऊ नकोस." झालं. जन्म गेला, तेच करतेय.

आईला स्थळाची गोष्ट आठवली. बघायला आले तेव्हा माझा डोळा काळानिळा होता. आईनं सांगितलं, कपाटाला आपटली. मी म्हटलं, कपाटाला नाही, त्यांच्या फॉरवर्डला. ते चहा अर्धा टाकून गेले! आई आज हसत होती. तेव्हा आठवडाभर बोलली नव्हती.

मला हसू आलं नाही. गोष्ट चांगली आहे, पण कुणा दुसरीची असल्यासारखी वाटली.

१३ मार्च, सोमवार

खिळा आज सरावाला आली.

आमचं काम सोपं आहे. चौघींनी एका रेषेत राहायचं. मी "वर!" ओरडले की चौघींनी एकदम पुढे जायचं, म्हणजे त्यांची फॉरवर्ड आमच्या मागे एकटी उरते आणि ऑफसाइड होते. एक जरी मागे राहिली तर सगळं फसलं. खिळा माझ्या ओरडण्याआधीच निघते. मी तोंड उघडलं की ती गेलेली असते. म्हणून तर मला ती शेजारी लागते.

आज परत परत मागे राहिली. आधी माझ्याकडे बघते, मग निघते.

"झोपलीयस का गं?"

"ऐकू नाही आलं ताई."

गोलकीपर म्हणाली, "हिचं ऐकू नाही आलं? हिच्या आवाजानं पार्किंगमधल्या गाड्या किंचाळतात!" गोलकीपरला आम्ही भिंत म्हणतो. सगळ्या हसल्या. खिळा पण हसली, पण उशिरा. बाकीच्या थांबल्यावर.

१४ मार्च

कपडे बदलायच्या खोलीत खिळा डोक्यावर टॉवेल घेऊन बसली होती. म्हणाली, "ताई, तो दिवा बंद कर ना." मग न्हाणीघरात पळाली. उलटीचा आवाज आला. मी नळ मोठा सोडला, बाकीच्यांना कळू नये म्हणून.

बाहेर आली, माझा हात धरला. "कुणाला सांगू नकोस हं. फायनलला निवड समितीची माणसं येणारेत. मला देशाकडून खेळायचंय गं. एक अर्धा भाग बघू दे त्यांना. मग म्हणशील तर मुद्दाम पडते."

बरं म्हटलं. का नाही म्हणणार? मीच तशी खेळलेय. एकदा गोलच्या खांबावर आपटले, उठले, पूर्ण सामना खेळले. दुसरा अर्धा भाग मला आठवतच नाही. बसमध्ये भान आलं तेव्हा मांडीवर एक ट्रॉफी. शेजारणीला विचारलं, "ही कुणाची गं?" — "तुझीच! सर्वोत्तम खेळाडू!" पोरींना ही गोष्ट सांगितली की लोळतात हसून. खिळा सगळ्यात जास्त.

१५ मार्च, बुधवार

सरावात भिंतीनं लांब किक मारली, बॉल थेट खिळाच्या तोंडावर. तिनं हात वर केले नाहीत. डोकं फिरवलं नाही. बघत होती बॉलकडे, येतोय म्हणून. मी ढकललं तिला. दोघी पडलो.

"ताई, काय गं!"

तिला दिसलाच नव्हता. बघत होती आणि दिसला नव्हता.

डॉक्टरीणबाईनं एकदा सगळ्यांना बसवून सांगितलं होतं — पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर माणूस जागच्या जागी जातो. तेव्हा आम्ही मागे बसून एकमेकींना चिमटे काढत होतो.

आई म्हणाली, भाजीत मीठ दोनदा पडलंय. पडलं असेल.

१६ मार्च

सांगितलं.

डॉक्टरीणबाईच्या खोलीत गेले, उभ्या उभ्याच बोलले. "खिळाचा आकडा खोटा आहे. पहिल्या वेळचा. तिला फायनलला घेऊ नका."

"खोटा म्हणजे?"

"मुद्दाम कमी आणलेला. सगळ्यांचे तसेच आहेत."

"सगळ्यांचे? तुमचाही?"

"मीच शिकवलंय."

 चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाली, "म्हणजे इतके दिवस मी आंधळेपणानं तुम्हाला मैदानात सोडतेय." ओरडली असती तर बरं झालं असतं. मला ओरडणाऱ्यांशी बोलता येतं.

खिळाला बोलावलं. एका पायावर उभं केलं, डोळे मिटायला लावले. लगेच कलली. मग बोटामागे नजर फिरवायला सांगितली. डॉक्टरीणबाई म्हणाली, बस. निदान महिनाभर मैदान नाही.

कोच धावत आला. "फायनलच्या तोंडावर? कॅप्टन, तू आमच्या बाजूनं खेळतेस की त्यांच्या?" डॉक्टरीणबाई म्हणत होती, सगळ्यांची परीक्षा आत्ताच परत घेणार. कोचनं अक्षरशः हात जोडले. शेवटी ठरलं — खिळा बाहेर, बाकीच्यांची फायनलनंतर. या वेळी खरी.

१७ मार्च

खिळा जिन्यात गाठ पडली. कठडा धरून उतरत होती. मी बाजूला झाले.

"आता कशाला बाजूला होतेस? आडवी तर आलीसच."

ती उतरली नाही.

"तू स्वतः खांबावर आपटलीस तेव्हा खेळलीस ना? तेव्हा कुणी केली होती का चुगली? ट्रॉफी घेऊन मिरवतेस अजून!"

म्हटलं, "तेव्हा कुणी केली असती तर बरं झालं असतं." हे माझ्या तोंडून कसं आलं कुणास ठाऊक. विचार केला नव्हता तसा.

"मला आई आहे घरी. तुला कुणी सांगितलं होतं दुसरी व्हायला?"

गेली. मी तिथेच उभी राहिले. वर जायचं होतं की खाली, ते आठवेना. रागानं होतं तसं. खरं तर राग पण आला नव्हता.

१९ मार्च, रविवार

कप जिंकलो. दोन-एक.

खिळाच्या जागी दुसरी पोरगी खेळली. बरी खेळली. मी ओरडायचे आणि ती निघायची. आधी नाही, पण वेळेवर. एकदा मी चुकीच्या वेळी ओरडले, त्यातच त्यांचा गोल झाला. कोच म्हणाला, "होतं असं." मला माहीत आहे, होत नाही. माझ्याकडून तर नाहीच.

कप हातात दिला. वाटला होता त्यापेक्षा हलका. फोटोत मी हसतेय. भिंत रडत रडत म्हणाली, "कॅप्टन, मेले गं आनंदानं!" मला वाटत होतं घरी जाऊन पाय गरम पाण्यात सोडावेत. आनंद मागून येईल म्हटलं. सगळ्यांना वेळेवर येतो असं थोडंच आहे!

खिळा वर बसली होती, काळा चष्मा लावून. कप द्यायच्या आधी उठून गेली. निवड समितीची माणसं त्या दुसऱ्या पोरीचं नाव विचारून गेली. वाईट वाटायला पाहिजे.

२० मार्च

कोचनं बोलावलं. अजून एक हंगाम खेळशील का, कॅप्टन तूच. हो म्हटलं. आईला सांगितलं तर म्हणाली, "अजून किती?" म्हटलं, मला दुसरं काय येतं? बॉल कुठे पडणार ते येतं. एवढंच. पडायच्या आधी तिथे जाऊन उभी राहते. त्यावर इतकी वर्षं निघाली, अजून एक निघेल.

आई म्हणाली, "आताशा तू चिडतेस पण उगीच आणि गप्प पण बसतेस उगीच."

म्हटलं, म्हातारी होतेय. तुझ्यावर गेलेय.

२१ मार्च, मंगळवार

सगळ्यांची परीक्षा झाली. खरी. भिंत म्हणाली, "खरोखरच मठ्ठ निघालो तर काय तोंड दाखवायचं?" बाहेर बाकावर सगळ्या खिदळत होत्या. मी त्यांना दम दिला — कुणी आळस केला तर माझ्याशी गाठ आहे. जीव लावून द्यायची.

मीही तशीच दिली. दात दाबून. रंग बदलला की बटण. शब्द ओठातल्या ओठात घोकत होते. घाम फुटला. सामन्यात फुटत नाही एवढा.

संध्याकाळी खिळाचा मेसेज आला. "डोकं दुखायचं कमी झालं. दिवा लावून बसलेय." पुढे ताई नाही, काही नाही. दोनदा वाचला. फोन ठेवून दिला.

२३ मार्च

सगळ्यांचे आकडे वर गेले. भिंतीचासुद्धा.

मला डॉक्टरीणबाईनं एकटीला बोलावलं. माझा खाली आलाय. मुद्दाम मठ्ठ झाले होते, त्याच्याही खाली. तिनं विचारलं, "सवयीनं या वेळीपण हळू दाबलंत ना? चालेल. उद्या परत देता येईल."

तिला हो हवं होतं. तोंडावर दिसत होतं.

नाही, म्हटलं. होतं नव्हतं तेवढं सगळं लावलं होतं.