वाकडा चौकडा

८ जानेवारी
चौकड्याच्या साड्यांचं आख्खं बंडल आज परत पाठवायला काढलं. विणकराने पिऊन विणलंय, म्हटलं. चौकटीला पोट आलेलं! हितेंद्रशेठनी साडी काउंटरवर पसरली, लोखंडी गज लावला. रेघ सरळ. दुसरी काढली. तीही सरळ. "नलूबेन, माल तर बरोबर छे."

हिंदमात्याच्या कापडबाजारात या काउंटरवर माझ्या नजरेवर माल घेतात. मी डावा डोळा झाकून उजव्याने पाहिलं, तर गजसुद्धा वाकलेला.

९ जानेवारी
यांना सांगितलं. गोदीतून रिटायर झाल्यापासून वसंतरावांना सगळ्यातलं कळतं. "मोतीबिंदू तो. पिकांदे गो, मगे काढूया." पिकायला मी काय हापूस आहे, अढीत घालायला?

वर पेपर पुढे केला. दिवाळीपासून हा नवा चाळा – चहाबरोबर पेपर मी वाचायचा, मोठ्याने. म्हणे तुझा आवाज बरा. आता तर माझी परीक्षाच घेतात.

१२ जानेवारी
सोमवार, दुकान बंद. नाक्यावर रघूच्या चष्म्याच्या दुकानात गेले. सगळं लालबाग त्याला डॉक्टर म्हणतं, पांढरा कोट घालतो म्हणून. नंबर काढला, फ्रेमी दाखवायला लागला. शिक्षण काय रे तुझं, विचारलं.

"मावशी, मी नंबर काढतो. डॉक्टर लोक म्हणतात."

"मग लोकांना सांगत का नाहीस?"

हसला. चष्म्याने वाकडं सरळ होईल का, तर ते सांगता येत नाही म्हणाला. फ्रेम घेतली नाही.

१८ जानेवारी
गल्लीत मंडळाचं डोळ्यांचं फुकट शिबिर. एकाने टॉर्च मारली. "आजी, मोतीबिंदू. नाव लिहा, न्यायला बस येईल." वाकडं का दिसतं, विचारलं. "वय झालं आजी." अरे, वय दोन्ही डोळ्यांचं एकच आहे ना! मग एकच कसा बिघडला? मी नाव लिहिलं नाही.

यांना म्हटलं, आलाय तर तुम्हीही बसा खुर्चीत. "माका काय झालां?" म्हणून तरातरा घरी. रात्री जेवताना ऐकवलंच, फुकट मिळत होतं ते लाथाडून आलीस.

२० जानेवारी
वाकड्या जागी मधोमध डाग आलाय. त्या डोळ्याने शेजारच्या काउंटरवरच्या रुपालीचे कान दिसले, तोंड नाही. फार घाबरले. घरात सांगणार नाही.

२१ जानेवारी
रुपालीला सांगितलं. रेघा वाकड्या दिसल्या तर डोळ्याचा पडदा तपासायचा, असं तिने मोबाइलवर वाचून काढलं; डबा खाताना दोघींनी दवाखान्यांना फोन लावले. पडद्याचे डॉक्टर आहेत का? शिक्षण काय? एकीकडे म्हणाले, "सर सगळंच बघतात." सगळंच बघणारे मला नकोत. दुसरीकडची बाई खेकसली, शिक्षण विचारणाऱ्या तुम्ही कोण? म्हटलं, डोळा माझा आहे.

माटुंग्याच्या दवाखान्यात मात्र सरळ सांगितलं – नेत्रविकारात एमएस, त्यावर रेटिनाचं वेगळं प्रशिक्षण. रुपालीने मोबाइलवर नोंदणीसुद्धा तपासली. "मावशी, स्थळाची चौकशी करतेस की काय?" करतेच. त्यात लाज कसली! रेघा वाकड्या दिसतात म्हटल्यावर त्यांनी उद्याच बोलावलं.

२२ जानेवारी
डॉ. मृणालिनी. थेंब घातले, स्कॅन काढला, मग हातात एक कागद दिला. त्यावर चौकडा! मधे टिंब. "काय दिसतं?" मी म्हटलं, हा माल मी परत पाठवलाय. शेठची गोष्ट सांगितली तेव्हा खूप हसल्या.

मग हसणं थांबवून सांगितलं. मोतीबिंदू जरासा आहे, पण दोष त्याचा नाही. पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढल्यात, त्या पाझरतात. डोळ्यात इंजेक्शनं घ्यायची, एकावर भागणार नाही. गेलेलं सगळं परत येईल अशी हमी नाही. घरचे म्हणत होते पिकू दे, मी म्हटलं. "हे पिकत नाही हो, नासतं. आलात ते बरं केलंत."

पायऱ्यांवर बसून थोडी रडले. मग उसाचा रस प्यायले.

२७ जानेवारी
डोळ्यात सुई! ऐकूनच अंगावर काटा, पण दुखलं फारसं नाही. हे सोबत आले, मात्र बाहेरच्या बाकावर खाली मान घालून बसले. डॉक्टरीणबाई आत बोलावत होत्या तरी आले नाहीत. जन्माचे हेकट.

चौकड्याचा कागद फ्रिजवर चिकटवला. रोज एकेक डोळा झाकून बघायचंय.

१७ फेब्रुवारी
डाग विरळ झालाय. रुपालीला नाक आलं! वाकडेपणा आहे अजून. शेठनी विचारलं, नवा माल बघशील ना? डावा डोळा शाबूत आहे, टाका म्हटलं. आणि उजव्यालाही मी सोडलेलं नाही.

१८ फेब्रुवारी
सकाळी चहा ठेवायला उठले तर हे फ्रिजपुढे. एक डोळा तळहाताने झाकलेला. मला बघून हात खाली घेतला नाही.

"नले, ही मदली रेघ वाकडीच छापल्यानी काय गो?"

कधीपासून, विचारलं. आधी हात बदलून दुसरा डोळा झाकला. मग म्हणाले, "दिवाळीपासून."

संताप आला, रडूही आलं. पेपर टेबलावर घडी न मोडता पडला होता. गॅस बंद केला आणि म्हटलं, चपला घाला.