सहाशे तेरावी ओळ

७ ऑगस्ट १९९९, शनिवार
पुण्याहून पाकीट आलं. फ्लॉप्या दोन — पन्नास रुपये. कुरियर — चाळीस. छापील कागद बारा — भीमाने पैसे लावले नाहीत. भीमा म्हणजे लेकीची, पंकजाची, कॉलेजची मैत्रीण.

आत एक प्रोग्राम आहे, विकी नावाचा. इथे नगरला पंकजा इंटरनेटच्या दुकानात तीन वेळा बसली. तिन्ही वेळा निम्म्यात फोनची लाइन तुटली आणि तासाचे पैसे मात्र पूर्ण घेतले. म्हणून भीमाने तिकडे उतरवून पाठवला, फ्लॉप्यांवर आणि कागदावर छापूनही. प्रोग्राम स्वतः फुकट. ज्याने लिहिला त्याने आतला मजकूरही उघडा ठेवलाय — घ्या, बदला, वापरा. म्हणजे अन्नछत्रच म्हणायचं.

पंकजा नागापूरच्या कारखान्यात तीन महिन्यांच्या बोलीवर आहे. साहेब म्हणाले, "सतरा तारखेला चालू करून दाखवा, मग कायम करण्याचं बघू." दाखवायचं काय, तर ह्या विकीने कॉम्प्युटरवर अशी वही की कोणतं मशीन कशाने बिघडलं, कसं सुधारलं, हे कामगारांनी स्वतः लिहायचं. दुसऱ्याला चूक दिसली तर त्याने खोडून नीट करायचं.

माझ्या वहीत कुणी असं खोडलं असतं तर मी त्याला जेवायला वाढलं नसतं.

८ ऑगस्ट
एकादशी. फ्लॉप्यांनाही उपास! एक उघडेना, दुसरी उघडली तर आत निम्मंच. पंकजा कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडली. पुन्हा मागवायच्या तर सतरा तारीख निघून जाणार. म्हटलं, कागद आहेत ना? त्यावरून टाइप करते मी. ती उठून बसली. "आई, तुला येतं?"

मॅट्रिकनंतर टायपिंगची परीक्षा दिली होती. इंग्रजी, तीसचं स्पीड. सर्टिफिकेट ट्रंकेत लग्नाच्या शालूखाली आहे. लेकीला माहीतच नव्हतं. मीही कधी सांगितलं नव्हतं.

९ ऑगस्ट
पंकजाच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसले. चार पानं झाली. अर्थ कळत नाही ते बरं, वाचण्यात वेळ जात नाही. कंस फार. उघडला की मिटावा लागतो, दुधाच्या पातेल्यावरच्या झाकणासारखा.

कोरं पान श्रीकाराशिवाय सुरू करायला हात धजेना. पंकजा म्हणाली होती, # ही खूण पुढे असली की ती ओळ मशीन सोडून देतं. मग काय, सगळ्यात वर # Shri घातलं आणि खाली कामाला लागले.

११ ऑगस्ट, अमावास्या
बारा पानं पूर्ण! संध्याकाळी ग्रहण. सासूबाई म्हणाल्या, "गिरानात त्या डब्याला हात लावू नगं." मी त्याआधीच फ्लॉपी भरून पंकजाच्या पर्समध्ये टाकली होती. मग आंघोळ करून दिवे लावले.

१२ ऑगस्ट
चाललं नाही. कारखान्यात एक कॉम्प्युटर सर्व्हर करून ठेवलाय, त्यातून बाकीच्यांना पानं जायची. पंकजाने प्रोग्राम स्वतः चालवला तर चालतो. सर्व्हरने चालवला की नुसती एक ओळ येते — आतल्या आत चूक झाली आहे. कुठे, ते सांगत नाही. आमच्या ह्यांच्यासारखंच.

सासूबाई : "म्या सांगितलं हुतं. गिरान लागलंय त्याला."

१३ ऑगस्ट
नाही.

१४ ऑगस्ट
पंकजा घास चिवडत म्हणाली, "सतराला नाही झालं तर बाबा म्हणतात तसं बी.एड.चा फॉर्म भरते." हे ताटावरून मान वर न करता म्हणाले, "मी आता कुठं काय म्हटलं?" गेल्या महिन्यात तीनदा म्हटलंय. माझ्या वहीत तारखा आहेत.

मढीच्या कानिफनाथा, माझ्या बोटांची चूक असेल तर तेवढी मला दाखव.

१५ ऑगस्ट, रविवार
दाखवली.

आज ताळा घेतला, महिनाअखेरीस घेते तसाच. कागदावरच्या ओळी मोजल्या : सहाशे बारा. कॉम्प्युटरवरच्या : सहाशे तेरा. पुन्हा मोजल्या. एक जास्तच. वरून बोट फिरवायला लागले आणि पहिल्याच ओळीवर अडलं. माझा श्रीकार.

तासभर स्वयंपाकघरात उगाच डबे पुसत होते. लेकीची नोकरी मी घालवली, आणि ती देवाच्या नावाने. मग जाऊन सांगितलं.

"अगं, ती ओळ मीही पाहिली होती. म्हटलं राहू दे, मशीन वाचत नाही तर काय बिघ—" एवढं बोलून पंकजाने कपाळावर हात मारला. पहिल्या ओळीत म्हणे सर्व्हरसाठी पत्ता असतो, हा कागद कुणाकडे द्यायचा त्याचा. तो दुसऱ्या ओळीत गेला की सर्व्हर शोधत नाही, हात वर करतो.

ती पुसायला निघाली. मी म्हटलं, श्री पुसायचा नाही. मग पत्त्याच्या खाली घेऊ म्हणाली. देवाला दुसऱ्या नंबरवर? मला ते बरं वाटेना. सासूबाई वाती वळत होत्या. म्हणाल्या, "मढीला बी आदी पायऱ्या लागत्यात, मंग देव दिसतो. नाथानं कवा तक्रार केली?"

श्री दुसऱ्या ओळीत.

१६ ऑगस्ट, नागपंचमी
आज चिरणं नाही, तळणं नाही. पुरणाचे दिंड उकडले. पंकजा सहा वाजता परत आली ती दारातूनच ओरडत — चाललं!

१७ ऑगस्ट
साहेबांना दाखवलं. जुने फोरमन श्रीमंतमामा यांनी एका बोटाने पहिली नोंद केली : तीन नंबरच्या लेथचा पट्टा पावसाळ्यात घसरतो. एका कामगाराने लगेच खाली लिहिलं : उन्हाळ्यात पण. साहेब हसले. एक तारखेपासून पंकजा कायम! रेवड्या वाटल्या.

अडलं कुठे होतं हे साहेबांनी विचारलं आणि ह्या बयेने सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "सहाशे बारा ओळी बिनचूक? टाइप कुणी केलं?" मला लाजच वाटली.

२४ ऑगस्ट
कारखान्याचं पाकीट. पंकजाच्या कायम होण्याचा कागद म्हणून फोडलं. मग पुन्हा उलटून पाहिलं. वर नाव सौ. चंद्रभागा वैजनाथ ढाकणे. लग्न झाल्यापासून पोस्टाने माझ्या नावाचं काही आलं नव्हतं.

श्रीमंतमामांच्या बावीस वर्षांच्या वह्या विकीत चढवायच्या आहेत. रोज चार तास, पगार महिन्याला. ह्यांना अजून सांगितलं नाही. शेवटची ओळ चार वेळा वाचली :

"आपण येऊ शकाल किंवा कसे, ते कृपया उलट टपाली कळवावे."