पोपटाचा अडकित्ता आणि माझी विलपॉवर

३ मार्च, सकाळ
आजपासून सुपारी बंद. एकदम बंद. दातांच्या डॉक्टरनं नवी कवळी बसवली आणि बजावलं, आजी, सुपारीला हात लावलात तर पुन्हा माझ्याकडे येऊ नका. पोरगेलाच आहे, पण धाक घालतो सासऱ्यासारखा. विलपॉवर लागते म्हणाला. ती माझ्याकडे पोत्यानं आहे. मी सांगतेय, सून लिहून घेतेय. कुणाला दाखवायचं नाही, असं तिला सांगितलंय. मलाही वाचता येत नाही, तेव्हा गुपित पक्कं.

दुपार
एक खांड खाल्लं. निरोपाचं. न सांगता निघून जाणं बरं दिसत नाही.

५ मार्च
पितळी डबा समोरच्या शिंपिणीकडे ठेवायला दिला. आत सुपारी, लवंगा, साखळीला इवलासा चमचा लावलेली चुन्याची डबी आणि पोपटाच्या तोंडाचा अडकित्ता. माझ्या आईचा. पोपटाचे डोळे झिजले, चोच मात्र कडाकडा चालते. आमच्याकडे सगळ्यांचं असंच.

सून म्हणाली, अहो आई, डबा गेला तर दुपारी तुमच्या व्हरांड्यात कोण येणार? वेडी आहे. बायका येतात त्या माझ्या गोष्टी ऐकायला. सुपारी आपला तोंडाला चाळा.

६ मार्च
कोणी आलं नाही. ऊन फार.

७ मार्च
कोणी आलं नाही. आभाळ आलेलं. हल्ली बायका नाजूक झाल्यात. शिंपिणीकडे मात्र हसण्याचा दणका. नर्सबाईचा आवाज ओळखला, मास्तरीणबाईंचाही. ब्लाउज शिवायला टाकले असतील. सगळ्यांनी एकदमच.

८ मार्च
डब्याची खुशाली विचारायला गेले. बघते तर काय, शिंपीण सुपारीचे दगड पाडतेय! म्हटलं, अगं बाई, कातरायची असते ती, सूड नसतो उगवायचा. चोच तिरकी धर, सुपारी फिरवत राहा, काप असा पडला पाहिजे की फुंकरीनं उडेल. दाखवायला म्हणून कातरली. कातरणारीनं आधी सगळ्यांना द्यायची, शेवटी आपण घ्यायची, ही आमची रीत. रीत कशी मोडू? घेतली. ती रीतीत गेली, खाण्यात धरायची नाही.

मग चोराला मी मुसळ घेऊन पळवलं ती गोष्ट काढली. नर्सबाई म्हणाली, आजी, गोष्ट राहू द्या, आधी माझ्या वाटची कातरा. बिचारीला निवांत ऐकायची असणार.

१० मार्च
डबा परत आणला. शिंपिणीचं शिवणात लक्ष लागेना, तिच्या धंद्याची काळजी. व्हरांड्यात उघडाच ठेवलाय. विलपॉवर लोकांना दिसायला हवी.

सुपारी मात्र भरपूर कातरून ठेवली. हाताला व्यायाम.

११ मार्च, संध्याकाळ
चोराची गोष्ट सकाळपासून घोकली. चोर एक होता, दोन केले. कवळी लावून खुर्चीत तयार बसले. जरा डोळा लागला.

जाग आली तर चटया अंथरलेल्या, चहाचे कप रिकामे, डबा त्याहून रिकामा. सून म्हणाली, सगळ्या आल्या होत्या, तासभर बसल्या, पोट धरधरून हसल्या, गेल्या.

मला हाक नाही मारली कुणी? नाही म्हणाली. उलट शिंपीण तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना दटावत होती, अगं हळू, आजी जाग्या होतील!

किती जपतात मला.