बाबांच्या अंगठ्याखालचं बटण

प्रिय दादा,

मी फोन उचलत नाही म्हणून रागावला असशील. रागाव. सोमवारी डॉक्टरीणबाईंना उत्तर द्यायचंय, बाबांच्या गळ्याला भोक पाडून श्वासाचं मशीन लावायचं की नाही. तू लावा म्हणालास, मीही मान डोलावली. बाई म्हणाल्या, काही करून त्यांना विचारता आलं तर बघा. आईने ज्या माणसाला जन्मभर 'रेडिओ' म्हणून चिडवलं, त्याची वाचा गेली आणि आता एक अंगठा तेवढा हलतो. म्हणून मी बटण करायला घेतलं.

कल्पना साधी. अंगठ्याखाली बटण, बटणाला काडेपेटीएवढा सर्किट बोर्ड, बोर्डाची वायर लॅपटॉपला. पडद्यावर अक्षरं एकेक करून उजळतात, हवं ते उजळलं की बाबांनी दाबायचं. कारखान्यात मी रोज हेच करते, वॉशिंग मशीनच्या बोर्डांशी बोलत बसते. घरच्या बोर्डाने मात्र माझा अंत पाहिला. आधी नुसतीच शांतता. अख्खी दुपार गेल्यावर कळलं, हाताला लागलेली वायर फक्त चार्जिंगची होती, तिच्यातून शब्द जातच नाहीत. ती बदलली तर पडद्यावर चौकोन आणि प्रश्नचिन्हांचा नुसता कचरा. बोर्ड एका वेगाने बोलत होता, लॅपटॉप भलत्याच वेगाने ऐकत होता. वेग जुळवला. मग लॅपटॉपवर उघडलेल्या तपासणीच्या खिडकीत प्रत्येक दाब स्वच्छ दिसू लागला, पण अक्षरांचा प्रोग्रॅम ढिम्म. बाबा दाबत होते, माझ्याकडे बघत होते, पुन्हा दाबत होते. शेवटी त्यांनी डोळे मिटून घेतले. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. वाटलं, हा माणूस आता आतल्या आत बोलत राहणार आणि आपल्याला कधीच काही कळणार नाही.

घोळ माझ्या सवयीचा निघाला. ती तपासणीची खिडकी मी कधीच बंद करत नाही, कारखान्यात सगळे मला त्यावरून चौकीदारीण म्हणतात. ती उघडी असली की वायरीच्या टोकाशी तीच ठाण मांडून बसते, दुसऱ्या कुणाला ऐकू देत नाही. अक्षरांचा प्रोग्रॅम तशी तक्रारही करत होता, पण पडद्यावर लाल ओळी बघून बाबा धसका घेतील म्हणून त्या तक्रारी मीच दडपून टाकल्या होत्या. खिडकी बंद केली आणि पहिलं अक्षर उमटलं. त्यांचं पहिलं वाक्य काय असेल? 'पंखा बंद कर.' इतके दिवस त्यांना उकडतंय समजून आपण तो पंखा गरागरा फिरवत होतो आणि ते कुडकुडत पडून होते. मी हसले, मग माझ्याच्याने हसवेना.

काल दुपारी मी त्यांना मशीनचं विचारलं. सगळं नीट समजावून सांगितलं, लावलं तर काय, नाही लावलं तर काय. त्यांनी दोन अक्षरं जुळवली. 'नको.' मी बोर्ड काढला, वायर बदलली, वेग पुन्हा पाहिला, बटण माझ्याच अंगठ्याने दाबून दाबून बघितलं. कुठेतरी बिघाड सापडू दे म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच देवाची विनवणी केली. मग प्रश्न उलटा विचारला, मशीन न लावता राहू द्यायचं का? 'हो.' पुढे त्यांनी जुळवलं, 'थकलो.'

दादा, हे पत्र त्यांनीच लिहायला सांगितलंय, फोनवर तू मला बोलू देत नाहीस हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. वाचून तू हेच म्हणशील की वायर तपास, काहीतरी चुकत असेल. तपासली रे. सगळं तपासलं, कुठेही काही चुकत नाहीये. सोमवारच्या आत ये. बाईंना 'नाही' म्हणताना माझा आवाज फुटणार नाही, तू शेजारी उभा राहा.

तुझीच,
चौकीदारीण