सरकारने खाल्लेले मांडे

डिंडोली, सुरत

ती. सुंदराआक्कास,

धाकट्या जयश्रीचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला? (उत्तर देणार नाहीस, ठाऊक आहे. तरी विचारल्याशिवाय राहवत नाही.) अमळनेरहून आल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. दूध उतू जातं, मी खिडकीशी जाते, परत येते आणि मनातल्या मनात तुला तेच तेच सांगत बसते. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

गेल्या आखाजीच्या सणाला तू माझ्या मांड्यांना गोधडी म्हणालीस आणि आपलं बोलणं तुटलं. म्हणून परवा खापरावर चांगले पातळ मांडे केले, मोठ्या डब्यात भरले आणि तुझ्याकडे यायला उधन्याला गाडीत बसले. गाडी आता कंपनी चालवते आणि कंपनीवर लक्ष ठेवायला सरकारने माणसं नेमली आहेत. तुझ्या डब्याला हात लागू नये म्हणून मी कंपनीचा पुलाव घेतला. तो आंबलेला निघाला. लगेच फोनवरून तक्रार केली (तुझ्यावरचा रागही थोडा त्यातच गेला) आणि पुलाव पुरावा म्हणून जपून ठेवला.

नंदुरबारला खरंच सरकारी तपासनीस चढले. भूपेंद्रभाई नाव. घामाघूम, सकाळपासून उपाशी. तपासणीवर असताना कंपनीचं काही तोंडात घालायचं नाही, असा त्यांना नियम. समोरचा माणूस उपाशी आणि आपल्या मांडीवर डबा, आक्का, तू काय केलं असतंस? मी एक मांडा दिला. मग त्यांच्या मदतनिसाला. मग सरकार काय खातंय ते बघायला कंपनीचे प्रफुल्लभाई आले. त्यांना नाही कसं म्हणायचं? मग शेजारचे बाक. दोंडाईचा गेलं तेव्हा डब्यात तुपाचा वास तेवढा उरला होता.

आणि अहवालात काय लिहिलं? प्रवासी समाधानी, जेवण उत्तम. मी पुलाव पुढे केला तर भूपेंद्रभाई म्हणाले, "बेन, ते मला चाखता येत नाही. हे चाखलं. खोटं कसं लिहू?" प्रफुल्लभाईंनी मान डोलावली.

हे सगळं तुला नीट सांगायचं होतं. पण तू आधी डबा उघडलास. माझ्या तोंडून एवढंच निघालं, की सरकारने खाल्ले. "माले येडी समजस का?" म्हणालीस आणि आत गेलीस. मी थोडा वेळ ओट्यावर बसले आणि परतीची गाडी धरली.

तुझीच,
जयश्री

ता. क. कंपनीचा निरोप आला. माझ्या तक्रारीचं समाधान झाल्याबद्दल माझेच आभार मानलेत.

आणखी एक. भूपेंद्रभाई म्हणाले होते, एकातच पोट भरलं. तेव्हापासून मला चैन नाही. गोधडीचं तुझंच खरं असेल.

आणि शेवटचं. डबा तुझ्याकडेच राहिला. तो रिकामा परत करायची आपल्यात रीत नाही. आखाजी जवळ आलीय. भरून, तूच घेऊन ये.