टिकोबाला शेंदूर

कराड तालुका,
सोमवार, १० मार्च १९४७

प्रिय अर्जुना,

तुला अक्षर अक्षर जोडून वाचावं लागतं, म्हणून मोठं आणि सुटं लिहितो आहे. वेळ लागू दे, पण आजच वाचून संपव, आणि कुणाकडून वाचून घेऊ नकोस. लोणंदच्या बाजारात तुझे पुष्कळ मित्र झाले असतील, पण हे त्यांच्या तोंडून ऐकायचं पत्र नव्हे.

सगळी खुशाली आहे असं आधी लिहायची रीत असते, ती मोडतो. मला भीती वाटते. बेटावरच्या कैदेत जपानी पहारेकरी काठी आपटत रांगेतून फिरायचा, तेव्हाही इतकी वाटली नव्हती. तेव्हा निदान भिणारे आपण पुष्कळ होतो. इथं मी एकटाच भितो, आणि गाव मला मान देतं. भीती एका बाईची आहे. आपल्या जोतिबाची बनुबाई अजून कुंकू लावते. जोतिबा गेला, आपण त्याला आपल्या हातांनी पुरला, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. मला घरी येऊन वर्ष उलटलं. हव्या तेवढ्या शिव्या दे, पण पुढं वाच.

झालं ते वेशीतच झालं. मी आलो त्या दिवशी बायका भाकरतुकडा ओवाळायला जमल्या होत्या. माझी अंजना पुढं होती, पण तिला रडण्यातून सवड नव्हती. तिच्या खांद्याआडून बनुबाईनं मान काढली आणि विचारलं, "भावजी, आमचं धनी मागनं येत्यात न्हवं?" मी म्हणालो, "व्हय." तोंडातून निघून गेलं. जरा दम खाऊ, तिला निवांत गाठू, चार दिवसांनी सांगू, असं मनाशी म्हणत राहिलो. चाराचे आठ झाले, आठांचे महिने झाले. आता ती समोरून दिसली की मी बोळ बदलतो. जपान्यांच्या हातून जिवंत सुटलेला हवालदार एका बाईला चुकवत फिरतो, बघ.

रिकामा बसलो की माझे हात थरथरतात. तुझे थांबले का? माझे एकाच गोष्टीनं थांबतात. जोतिबाच्या मातीवर त्या बेटावरच्या म्हाताऱ्यानं नारळाच्या खोडात कोरून रोवलेला चेहरा तुला आठवत असेल. वटारलेले गोल डोळे, कानापर्यंत गेलेलं तोंड, दातांमधून बाहेर काढलेली जीभ. परतीच्या जहाजावर न्यूझीलंडचा तो सावळा खलाशी भेटला, त्याच्या गळ्यातही हिरव्या दगडाचा तसलाच एक होता आणि त्याला तो टिकी म्हणत होता. तोच चेहरा मी काढायला लागलो. बाभळीच्या काडीचं टोक चावून कुंचला करायचा, चुना, काव आणि काजळी जवसाच्या तेलात वेगवेगळी कालवायची, आणि घरात समोर येईल त्या वस्तूवर काढायचा. पहिला काढला तो अंजनाच्या सुपावर. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता ह्यात पाखडू, का ह्यालाच जेवाय वाढू?" मग रांजणावर काढला, दाराच्या फळीवर काढला, गाडीच्या साट्यावर काढला. लोक हसायचे आणि मला बरं वाटायचं. लोक हसत होते तोवर सगळं ठीक होतं.

मग गावातले मोठे ऊसवाले लालासाहेब, त्यांनी मला त्यांच्या गुऱ्हाळावर बोलावलं. दोन वर्षं त्यांचा गूळ काळा आणि चिकट पडत होता. ते आपले गमतीनं म्हणाले, "नाथाजी, चुलाणावर काढ तुजं भूत. बगू गूळ भितोय का." मी काहिलीखालच्या भट्टीच्या भिंतीवर हातभर मोठा चेहरा काढला. आणि पहिल्याच काहिलीला गूळ उतरला तो पिवळाधमक, ढेपेवर बोट वाजवावं तर खणखणीत. त्यांनी यंदा कोल्हापूरकडचा जाणता गुळव्या आणला होता, उसाचं बेणं बदललं होतं, हे मी दहा जणांना सांगितलं. ऐकतंय कोण! तिसऱ्या दिवशी गेलो तर चेहऱ्याच्या कपाळाला शेंदूर, पुढं फुटलेला नारळ आणि उदबत्ती. मी कधीतरी सिद्धू तेल्याला ते टिकी नाव सांगितलं होतं, त्याचा आठवडाभरात टिकोबा झाला. आता माणसं धान्याची कणगी, मोट, नांगर, पाळणा, काहीही घेऊन माझ्या दारी येतात. तानुबाईनं तर वांझ म्हशीच्या शिंगावर काढून घेतला, आणि ती मेली म्हैस गाभण राहिली.

तुला हसू येत असेल. मला येत नाही. त्या म्हाताऱ्यानं हातवारे करून काय सांगितलं होतं ते आपल्या दोघांनाच ठाऊक आहे. हा देव नव्हे. गेलेल्या माणसाचा चेहरा आहे तो. चेहरा केला की तो माणूस तिथं थांबतो, भटकत नाही. मी जोतिबाला बेटावर एकटा सोडून आलो, म्हणून माझा हात त्याला इथं आणत होता, एवढंच. म्हणजे साऱ्या गावाच्या सुपांवर आणि कणग्यांवर मी जोतिबाचं मरण काढून ठेवलं आहे, आणि गाव त्याला शेंदूर लावतं.

संक्रांत झाल्यावर बनुबाईनं बोलावणं पाठवलं, कणगीवर टिकोबा काढून द्या म्हणून. साऱ्या गावाला दिला, तिला कसं नाही म्हणू? तिच्याकडे पाठ करून बसलो आणि भराभर काढला. पुरा झाल्यावर जरा मागं सरून बघितलं. डाव्या भुवईचे मी दोन तुकडे केले होते. जोतिबाची तीच भुवई बैलाच्या शिंगानं फाटलेली होती. ठरवून केलं नव्हतं, देवाशपथ. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "भावजी, ह्यो देव वळखीचा वाटतोय." मी कुंचला पुसायच्या निमित्तानं बाहेर आलो. आतून तिचा आवाज येत होता. ती नवस बोलत होती, "टिकोबा, धनी उंबऱ्यात येऊ देत. तवर मी एकच येळ जेवीन."

अर्जुना, ती आपल्या नवऱ्याच्या मरणाकडेच त्याचं आयुष्य मागते आहे, आणि दिवसभर उसाच्या पाचटात राबून एक वेळ जेवते आहे. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. परवा होळीच्या दिवशी तिनं पोळी करून शेजाऱ्यांना वाढली आणि स्वतः पाणी पिऊन उठली. अंजना मला म्हणते, "बनाक्का पार वाळली. तुमच्या द्येवाला सांगा की कायतरी." मी मान हलवतो. अंजनालाही मी काही सांगितलेलं नाही.

आता खरं पाप ऐक. गेल्या महिन्यात पलटणीकडून बनुबाईला एक कागद आला, इंग्रजीत. गावात इंग्रजी वाचणारा मीच. तिनं तो माझ्या हातात दिला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि समोर बसली. त्यात लिहिलं होतं, की शिपाई बेपत्ता होता, आता तो मेला असं सरकारनं धरलं आहे. मेल्याची तारीख दिली होती, तीही अकरा दिवसांनी चुकीची. वाचताना ती माझ्या ओठांकडे बघत होती. मी म्हणालो, "तपास चालू आहे. कळलं की कळवतील." तिनं तो कागद दोन्ही हातांनी परत घेतला, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि कणगीवर टिकोबाच्या डोक्याशी खोचून ठेवला. तो अजून तिथंच आहे. मी त्या घराच्या गल्लीतून जात नाही.

आणि काल लालासाहेब सांगत आले. येत्या सोमवारी ते कामासाठी साताऱ्याला निघालेत आणि बनुबाईलाही नेणार आहेत. लष्करी कचेरीत कागद दाखवून विचारायचं, तपास कुठवर आला. ती नवं लुगडं नेसून जाणार आहे म्हणे. तिथला कारकून कागद घेईल, आणि लोकांच्या गर्दीत, मेजापलीकडून, वाचून दाखवील. त्याचं काही चुकणार नाही, त्याचं कामच ते. माझं जे व्हायचं ते होवो, गावानं तोंडात शेण घातलं तरी मी गिळीन. पण तिला ते तसं कळायला नको. याच गोष्टीनं मला कालपासून अन्न गोड लागत नाही.

म्हणून हे पत्र. तुला एक गोष्ट मी कधी सांगितली नाही. जोतिबाची शेवटची घटका तू पाहिली नाहीस, तू तापाच्या झोपडीत होतास, खड्डा खणायला तेवढा उठून आलास. त्यानं माझं मनगट धरलं होतं. म्हणाला, "बनीला म्हणावं, वाट बगू नगं. आन तूच सांग, नाथा. माज्या आईला माज्या बापाचं कागदावरनं कळलं हुतं." मागच्या लढाईत त्याचा बाप गेला होता, तुला ठाऊक आहे. मी त्यालाही "व्हय" म्हणालो. तर शनिवारी लोणंदहून गाडीत बस, कराडला उतर, मी स्टेशनावर बैलगाडी घेऊन येतो. रविवारी सकाळी तिची भाकरी व्हायच्या आत आपण तिच्या घरी जाऊ. तू काही बोलू नकोस, सगळं मी सांगेन. तू फक्त दारात उभा राहा, म्हणजे मला पळून जाता येणार नाही.

तुझाच,
नाथाजी