पाऊण एकर पाणी आणि त्यातले बास

मी, आर्डिथ मे प्रुइट, कै. वेंडेल प्रुइट यांची पत्नी, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार टॅलो क्रीक, राज्य अलाबामा, आज रोजी पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. सहसा लोक तो जोडत नाहीत. पण माझे धाकटे दीर रॉइस प्रुइट हे गेली चौतीस वर्षे गावात माझ्या डोक्याबद्दल शंका घेत आले आहेत, आणि माझ्या माघारी त्यांनी कोर्टात उभे राहून तेच पुन्हा सांगू नये म्हणून ही खबरदारी. दाखल्यात डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यांबद्दलही बरेच लिहिले आहे. ते वाचले नाही तरी चालेल.

कलम १. यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. चर्चच्या पत्रिकेच्या पाठीवर लिहिलेले तेही त्यात आले, ज्यात मी माझा मुलगा गारलंड याला फक्त कचऱ्याचा डबा ठेवला होता. तो दिवस रागाचा होता.

माझी मिळकत म्हणजे राहते घर, रस्त्याकडेची तीन एकर जमीन, घरातले सामानसुमान, आणि घरामागचे पाऊण एकराचे तळे. तळे कोणाला, हे शेवटच्या कलमात सांगितले आहे. गारलंडने पाने उलटून आधी तिकडे जाऊ नये. गेलाच असशील तर परत ये.

कलम २. मला चर्चच्या मागे वेंडेलशेजारी पुरावे. प्लास्टिकची फुले नकोत. पास्टरसाहेबांनी बायबलमधला पाच भाकरी आणि दोन मासे हा उतारा वाचू नये, कारण त्यावर ते फार वेळ बोलतात आणि लोकांना तोवर भूक लागलेली असते.

अंत्यविधीनंतरचे जेवण माझ्या अंगणात व्हावे. चर्चमधल्या बायका अशा वेळी चीज घालून भाजलेली मॅकरोनी आणतात. ती त्यांनी आणावी, पण टेबलाच्या टोकाला ठेवावी. मधोमध माझ्या तळ्यातले बास मासे हवेत, मक्याच्या पिठात घोळवून तळलेले, सोबत कोबीची कोशिंबीर आणि गोड गार चहा. बास खायचे म्हटल्यावर आमच्याकडच्या पुरुषांचे चेहरे कसे होतील हे मला ठाऊक आहे. इथे मांगूर खातात, चपटे ब्ल्यूगिल खातात, पण बास धरला की त्याच्याबरोबर फोटो काढून त्याला पाण्यात परत सोडायचे, ही आमच्याकडची भक्ती आहे. माझ्या अंत्यविधीला आलेल्या प्रत्येकाने निदान एक बास खावा. रॉइसने दोन खावेत. कारण पुढे येईलच.

कलम ३. राहते घर, त्यातल्या पलंगांसह आणि गळक्या नळासह, मी माझी नात कॉरिन हिला देते. दर रविवारी ती येते, माझ्या गोळ्या डब्यात भरते, मग तळ्यावर जाऊन गळ टाकते. मासा लागला की त्याच्या नाकाचा मुका घेऊन त्याला सोडून देते. एकदा मी तिला म्हटले, "अगं, एवढासा आहे तो, आण की तव्यावर." तर म्हणते, "आजी, बिचाऱ्याचं घर आहे गं ते."

पोर सोन्यासारखी आहे. म्हणूनच तिला तळे देत नाही. तिच्या हाती गेले तर चार-पाच वर्षांत त्यात बासच बास होतील, आणि प्रत्येकाचे नुसते डोके मोठे, मागे अंग काटकुळे. तळ्यातले अन्न ठरलेले असते. खाणारी तोंडे वाढली की कोणाचेच पोट भरत नाही आणि कोणीच मोठे होत नाही. पाणी लहान असले तरी मासा मोठा होतो. त्यासाठी बारक्यांची पंगत वेळेवर उठवावी लागते, आणि ते कॉरिनच्याने होणार नाही.

कलम ४. रस्त्याकडेची तीन एकर जमीन गारलंडला. तिथे त्याने भाड्याने द्यायच्या पत्र्याच्या खोल्या खुशाल बांधाव्यात. लोक नको असलेले सामान दरमहा पैसे देऊन का ठेवतात हे मला कळलेले नाही, पण धंदा त्याचा आहे. तळ्यात मात्र एक फावडे मातीही पडता कामा नये. गेल्या ख्रिसमसला जेवता जेवता तो म्हणाला, "आई, ते डबकं बुजवून टाकू या. डासांशिवाय आहे काय त्यात?" माती टाकायची त्याला एवढीच हौस असेल तर माझ्या कबरीवर टाकावी, तिथे तशी रीतच आहे.

कलम ५. आता जुना हिशेब. वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्रात एवढे लिहायची गरज नसते. गरज माझी आहे.

मोज्यांची गिरणी बंद पडली तेव्हा वेंडेल आणि मी दोघेही तिथेच कामाला होतो. त्यामुळे एकाच शुक्रवारी घरातले दोन्ही पगार थांबले. गारलंड शाळेत होता. वेंडेल तेव्हा टॅलो क्रीक बास मंडळाचा चिटणीस होता आणि रॉइस अध्यक्ष. धरलेला प्रत्येक बास जिवंत परत सोडीन, अशी मंडळाची शपथ होती. तिचा मसुदा वेंडेलनेच केला होता, आणि हात वर करून ती त्याने म्हटलीही होती. त्या हिवाळ्यात आम्ही ती शपथ मक्याच्या पिठात घोळवून खाल्ली. पुढच्या हिवाळ्यातही खाल्ली.

पडदे ओढून मी तळत असे. वास बाहेर जाऊ नये म्हणून शेगडीवर कॉफीचे दाणे जाळत असे, आणि शेजारणी म्हणत, आर्डिथला कॉफी कधी जमलीच नाही. तवा माझ्या आईचा, बिडाचा, लहानसा. त्यात मावेल तो बास आम्ही खायचो. मावत नसेल तो परत सोडायचो, कारण कापून तुकडे करायला वेंडेलचे मन होत नसे. यापलीकडे आमच्यापाशी कसलेही शास्त्र नव्हते. पण बारके कमी झाले, ब्ल्यूगिल माजले, आणि जे बास उरले ते त्यांना खाऊन खाऊन असे सुटले की पाण्यात वळताना त्यांची पाठ दिसू लागली.

तिसऱ्या वसंतात त्यांतला सर्वांत मोठा माझ्या गळाला लागला. कपडे धुवायच्या टबात पाणी घालून आम्ही त्याला पशुखाद्याच्या दुकानात नेले. तिथे मंडळाची वार्षिक स्पर्धा असे, आपल्या काउंटीतल्या पाण्यातला सर्वांत मोठा बास कोणाचा याची. काट्यावर अकरा पौंड भरला. लोक काट्याभोवती जमले. मग पंच म्हणून खुर्चीत बसलेला रॉइस म्हणाला, "वहिनी, पाऊण एकराच्या डबक्यात अकरा पौंडांचा बास? उद्या म्हणाल, बादलीत बैल पोसला."

सगळे हसले. रॉइसचे म्हणणे असे की मासा शेजारच्या काउंटीतल्या मोठ्या धरणाचा आहे आणि मी तो बादलीतून आणून तळ्यात सोडला आहे. हसू ओसरल्यावर त्याने विचारले, "बरं, तळ्यातलाच म्हणता ना? मग एवढा वाढला कसा, ते तरी सांगा."

बारके आम्ही खाल्ले म्हणून, हे उत्तर माझ्या ओठांवर होते. वेंडेल कोंबड्यांच्या दाण्याच्या पोत्यांपाशी मंडळाची टोपी घालून उभा होता आणि जमिनीकडे पाहत होता. मी म्हटले, "पाण्यात वाढला." बस्स, एवढेच. मासा बाद झाला, आणि पदक रॉइसच्या साडेसात पौंडांच्या माशाला मिळाले. त्या दिवसापासून मी या गावात बादलीवाली आर्डिथ. माझ्या पाठीमागे म्हणतात असे त्यांना वाटते, पण माझे कान गुडघ्यांपेक्षा चांगले आहेत.

परत येताना टबातले पाणी सांडू नये म्हणून वेंडेल गाडी हळू चालवत होता. मग म्हणाला, "तू सांगून टाकायचं होतंस, आर्डिथ. मी टोपी काढून ठेवली असती."

मी म्हटले, "राहू दे टोपी. ऊन फार आहे."

आम्ही मासा तळ्यात परत सोडला. माझा पुरावा शेपटी हलवून निघून गेला. वेंडेलला मासे खाल्ल्याची लाज नव्हती. पण घरात दुसरे खायला नव्हते हे रॉइसला कळले असते तर तो त्याच संध्याकाळी किराण्याच्या पिशव्या घेऊन दारात उभा राहिला असता, आणि धाकट्या भावाचे ते करणे वेंडेलला सोसले नसते. रॉइस मनाने वाईट नाही. फक्त त्याला सगळे आधीच ठाऊक असते. वेंडेलला जाऊन आता सहा वर्षे झाली, तेव्हा सांगायला हरकत नाही. मी खोटे बोलले नव्हते. मला खोटारडी म्हटले याचे मला फार वाईट वाटले, आजही वाटते, आणि ते कुठेतरी लिहिलेले असावे म्हणून इथे लिहिले.

कलम ६. तळे. पूर्वेस विलोची झाडे, पश्चिमेस घराचे परसू, दक्षिणेस कुंपण, उत्तरेस रॉइसचे कुरण. या चतुःसीमेतले पाणी, त्याखालचा चिखल आणि आतले सर्व मासे यांसह, संपूर्ण हक्काने, मी ते माझे दीर रॉइस प्रुइट यांना देते.

होय, रॉइसला. वकीलबाईंनी मला हे दोनदा विचारले.

सोबत आईचा बिडाचा तवा आणि वेंडेलची पत्र्याची होडी. रॉइसची ती चमचमती होडी या तळ्यात उतरवली तर वळवायला जागा होणार नाही. पत्र्याची होडी थोडी गळते, पाणी उपसायला आत कॉफीचा रिकामा डबा आहे.

अटी अशा. तव्यात मावेल तो बास खायचा, मावणार नाही तो सोडायचा. शपथेची अडचण वाटल्यास ती तुझ्या भावाने आधीच मोडून ठेवली आहे, असे समजावे. तळे विकायचे नाही, बुजवायचे नाही. बादली घेऊन काठावर पाऊल ठेवायचे नाही. यातली एकही अट मोडली तर तळे कॉरिनचे होईल आणि सगळ्या माशांचे मुके घेतले जातील. अटींवर देखरेख वकीलबाईंनी ठेवावी. बाई मासे खातात.

आता रॉइस, नीट ऐक. त्या तळ्यात सध्या एक बास आहे. गेल्या एप्रिलमध्ये कॉरिनने धरला होता. तिचे दोन्ही हात त्याला पुरेनात, आणि पहिल्यांदाच मुका कुठे घ्यावा हे तिला सुचेना. माझ्या अकरा पौंडवाल्याहून तो मोठा आहे. मी तो काट्यावर नेला नाही, तिलाही नेऊ दिला नाही. तू पहिले वर्षभर माझी टिंगल करशील. मग कोणी पाहत नाही असे बघून होडीत बसशील. शिव्या देत देत बारके खाशील, मग शिव्या न देता खाशील, कारण ते चवीला उत्तम लागतात. आणि एखाद्या मार्चमध्ये, पाणी कोमट होऊ लागले की, तो तुला लागेल.

तू त्याला घेऊन दुकानात धावशील, हे मला या शाईइतके स्पष्ट दिसते. तुला पंच्याहत्तरावे लागलेले असले तरी धावशील. ते विचारतील, कुठल्या धरणातला? तू म्हणशील, वहिनीच्या तळ्यातला. मग ते एकमेकांकडे पाहतील, आणि पोत्यांवर बसलेला कोणीतरी बादलीचे नाव काढील. तू ओरडून सांगशील, शपथ घेशील, कॉरिनला साक्षीला बोलावशील. ते आणखी हसतील. त्या वेळचा तुझा चेहरा मला पाहायला मिळणार नाही, एवढे एकच दुःख घेऊन मी चालले आहे.

त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस. मासा पाण्यात परत सोड, आणि चर्चच्या मागे आम्हा दोघांकडे ये. पहिल्यापासून सांग, कुठे लागला, कसा ओढला, किती वेळ झुंजला. थोडे वाढवून सांगितलेस तरी चालेल. मी विश्वास ठेवीन.

वरील मजकूर मी माझ्या हाताने लिहिला, चष्मा लावून पुन्हा वाचला, आणि दोन ठिकाणी रॉइसबद्दलचे शब्द सौम्य केले. बाकी सर्व आहे तसे कायम.

सही: आर्डिथ मे प्रुइट

वरील बाईंनी आमच्या समक्ष, हसत हसत पण शुद्धीत सही केली. या मृत्युपत्रातून आम्हा दोघांना काहीही मिळत नाही. दुपारी तळलेले मासे मिळाले, ते सहीच्या आधी.

साक्षीदार:
१. लॉयड हेंड्रिक्स, न्हावी, टॅलो क्रीक
२. ओपल व्हिटेकर, शेजारीण, टॅलो क्रीक

ठिकाण: टॅलो क्रीक, अलाबामा, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२३